माझ्या बहिणीला लेक कडेवर घ्यायची होती

माझी बहीण अंडी बघायची. हसू नका, अंडी बघणं हे काम असतं, आणि त्या कामात तिच्या तोडीचं माणूस आमच्या अंड्यांच्या डेपोत अजून यायचंय. भाऊ म्हणून नाही सांगत, डेपोचा व्हॅन ड्रायव्हर म्हणून सांगतो. पोल्ट्रीवरून अंडी मी आणतो. शिकलोय सातवीच, पण गाडी अशी चालवतो की मागच्या ट्रेमधलं अंडं झोपेत कूस बदलत नाही. तरी रस्ता तो रस्ता. काही अंड्यांना तडे जातातच, आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी काळोखी खोली.

खोलीच्या भिंती काळ्या, खिडकी नाही, दाराला जाड पडदा. आत टेबलांवर पत्र्याचे डबे, डब्यात दिवा, वर अंड्याहून लहान भोक. भोकावर अंडं धरलं की ते आतून पेटल्यासारखं लाल होतं. तडा असला तर केसाएवढी रेघ चमकते. शिळं असलं तर आतली पोकळी मोठी दिसते. बहीण दोन्ही हातांत अंडी घ्यायची आणि नुसत्या बोटांनी फिरवायची, मान न हलवता, शेजारणीशी बोलता बोलता. तिथल्या बायकांनी तिचं नाव ठेवलं होतं एक्सरे.

"एक्सरे, हे बघ गं जरा, मला शंका आहे."

"शंका कसली, टाक बाजूला. टोकाला गेलंय."

मालक स्वतः येऊन तिच्यामागे उभे राहायचे आणि काही न बोलता निघून जायचे. आमचे मालक काही न बोलता गेले म्हणजे पदक दिल्यासारखं.

पण मला सांगायचंय ते अंड्यांचं नाही. माझ्या या बहिणीला मुलगी झाली, आणि त्या मुलीला स्वतःच्या हातांनी उचलून कडेवर घ्यायचं, एवढंच तिला हवं होतं. दुसरं तिने कधी काही मागितलं नाही. त्याचं सांगतो.

आमच्या आईकडच्या बायका धांदरट, असं घरात सगळेच म्हणायचे. आजी पायरीवरून घसरली आणि मनगट मोडून बसली. मावशीने खिडकी लावताना हात मोडून घेतला. खिडकी लावताना! वडील म्हणायचे, "तुमच्या घराण्याला हातपाय काय शोभेला दिलेत?" आई हसायची. मग एक दिवस आईने पाण्याची बादली उचलली आणि तिथेच ओलीत बसली. पाठीत कट्ट झालं, म्हणाली. त्यानंतर ती पुढे वाकत गेली ती वाकतच गेली. पन्नाशीही आली नव्हती. शेवटी खुब्याचं हाड मोडलं, अंथरूण धरलं आणि परत उठली नाही. लोक म्हणाले, बादली चुकीची उचलली.

बहीण तेव्हा शाळेत होती आणि हुबेहूब आई. तोच चेहरा, तीच चण, मनगट माझ्या दोन बोटांत मावायचं. मी वडिलांवर गेलोय. माझा पंजा बघा, माझ्या नडग्या बघा. एकदा जॅक निसटून व्हॅनचं चाक पायावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी कामावर होतो आणि चाक पंक्चरवाल्याकडे. वडील म्हणायचे, बापाची हाडं पोराला, आईची पोरीला, वाटणी झाली. आम्हाला ती गंमत वाटायची.

आई गेल्यावर वडिलांच्या तोंडात एकच शब्द राहिला. जपून. जपून चाल, जपून उठ, जपून बस. हिला काही झालं तर आपण तोंड दाखवायचं नाही, असं आम्ही दोघांनी मनात धरलं होतं. उड्या नाहीत, पळापळ नाही, कठड्यावर चढणं नाही. शाळेत खेळाच्या तासाला तिला बसवून ठेवा, हे मास्तरांना मी स्वतः जाऊन सांगून आलो, आणि मी सांगितलं की मास्तरही ऐकायचे. तिचं दप्तर मी उचलायचो. पाणी मी भरायचो. गल्लीतल्या मुली दोरीवरच्या उड्या मारायच्या तेव्हा ही खिडकीत बसून त्यांच्या उड्या मोजायची, आणि कोणी चोरून मोजलं तर वरून ओरडायची, "खोटारडी! पाय लागला तुझा!" अख्खी गल्ली म्हणायची, भाऊ असावा तर असा. ते खरंच होतं.

जेवायचीही चिमणीएवढं. आमच्याकडे बाईने कमी खाणं म्हणजे कौतुक. "आमच्या पोरीला दूध म्हणून आवडत नाही," हे मावशी अशी सांगायची की जणू पोरीचा पहिला नंबर आलाय.

शाळा संपली तेव्हा काम बघायचं ठरलं. बसून करायचं, ओझं नाही, पाय घसरायला पायरी नाही. काळोखी खोली मीच शोधून दिली. त्या खोलीचा एक न सांगितलेला नियम आहे. उन्हात जाऊन परत आलं की डोळ्यांना काळोख लगेच धरता येत नाही, आणि तोवर तडे सुटतात. म्हणून पट्टीच्या बायका जेवायलाही बाहेर पडत नाहीत. बहीण डबा आतच उघडायची, अर्धा खायची, वर कोरा चहा. उजाडताना आत आणि दिवे लागताना बाहेर, अशी कितीतरी वर्षं. तिने ऊन बघितलं ते सुट्टीच्या दिवशी, तेही पडद्याआडून, डोळ्यांना सोसत नाही म्हणून. बायका म्हणायच्या, "एक्सरे, तू आता आतून दिवा लावल्यासारखी दिसतेस गं." आम्हाला वाटायचं, रंग उजळलाय.

लग्न झालं. जावई बस कंडक्टर. माणूस इतका अबोल की लोक उतरून गेल्यावर त्याला तिकीट आठवतं, पण सोन्यासारखा. वर्षाच्या आत मुलगी झाली. चांगली टणटणीत, बापाच्या घराण्याची. तिला मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ती अशी उसळली की मी म्हटलं, हा तर चेंडू आहे. ते नावच पडलं. बहीण तिला अंगावर पाजायची आणि खुशीत असायची. पाठ दुखते म्हणायची. माझ्या बायकोने सांगितलं, "बाळंतपणात पाठ दुखतेच हो वन्सं. मला काय कमी दुखली?" पोटाला फडकं बांध, शेक घे, जो तो सांगायचा. ती सगळं करायची. दुखणं काही जायचं नाही.

एक दिवस दुपारी तिने चेंडूला पाळण्यातून उचललं, आणि कट्ट.

माझी बायको तिथेच होती म्हणून मला नीट माहितीये. बहिणीचा चेहरा कागदासारखा झाला, पण हात सुटले नाहीत. मणका खचत असताना तिने मुलीला दोन्ही हातांनी धरून हळूच गादीवर ठेवलं, उशी लावली, आणि मग स्वतः जमिनीवर बसली. आता मला सांगा, याला धांदरट म्हणतात?

दवाखान्यात त्यांनी तिला एक्सरेच्या फळीवर झोपवलं. ओठ चावत होती, तरी मला म्हणाली, "दादा, डेपोत सांगू नकोस. म्हणतील, एक्सरेचाच एक्सरे काढला."

तीन मणके खचले होते. मग दुसऱ्या एका मशीनवर झोपवलं, त्यावर एक दांडा अंगावरून सावकाश फिरतो आणि हाडं किती भरीव आहेत ते मोजतो. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. वयाने बहिणीएवढ्याच असतील. बहीण, जावई आणि मी. जावई बोलणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून मी पुढे सरकून बसलो.

"घरात कोणाला हाडांचा त्रास?" बाईंनी विचारलं.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "आमचं घराणं म्हणजे लोखंड. माझ्याकडे बघा."

"तुमच्याकडे बघितलं. आई?"

"आई पडली होती. म्हणजे आधी बादली उचलली, मग पडली."

"कोणतं हाड?"

"खुबा. त्याआधी पाठ. पण ते बादलीमुळे."

"आईची बहीण?"

"मावशीचा हात. खिडकी लावताना."

"आजी?"

"मनगट. आणि पुढे अगदी जमिनीला टेकेल इतकी वाकली होती, पण कामाला वाघीण हो. वाकूनच सगळं करायची."

बाईंनी समोरच्या कागदावर तीन रेघा ओढल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे तिघी."

इतकी वर्षं त्या तिघींची हाडं आम्ही वेगवेगळी मोडली होती. एक पायरीने, एक खिडकीने, एक बादलीने. कोणी त्या एका ओळीत ठेवल्याच नव्हत्या.

बाईंनी समजावलं, माझ्यासारख्यालाही कळेल असं. हाड किती दणकट होणार यातलं बरंचसं आईबापांकडून येतं, ते कोणाच्या हातात नसतं. मला एक मिळालं, हिला दुसरं. पण उरलेलं आपण घडवतो, आणि ते पंचवीस-तिशीच्या आत. उड्या मारून, पळून, वजन उचलून. हाडाला धक्का बसला, भार पडला, की ते घट्ट होतं. दूध-अंडी पोटात जायला हवीत, अंगावर ऊन पडायला हवं. "यांचं आधीच कमी होतं," त्या म्हणाल्या, "वर घडायच्या वयात बसून राहिल्या, उन्हात गेल्या नाहीत, खाल्लं कमी. मग बाळंतपण आणि अंगावरचं दूध. बाळाला लागतं ते शरीर आईच्या हाडातून काढून देतं. आई धडधाकट असली तर पुढे भरून निघतं. यांच्याकडे द्यायला नव्हतंच, तरी दिलं."

मी म्हटलं, "बाई, आम्ही हिला फुलासारखं जपलं. बादली नाही उचलू दिली कधी."

कडक बोलणाऱ्या बाई होत्या, पण तेव्हा आवाज खाली आला. "माहितीये. तुम्ही ती पडू नये म्हणून जपलंत. त्या वेळी दुसरं कोणी काय केलं असतं?"

मी आजही म्हणतो, दप्तर उचललं ते प्रेमाने उचललं. कोणाला त्यावर वाद घालायचा असेल तर यावं माझ्यासमोर. फक्त त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यावरून उतरताना मी एक हात बहिणीच्या पाठीमागे धरला होता, आणि तो पाठीला लावू की नको, हे मला कळत नव्हतं.

अंगावरचं दूध बंद. रोज एक सुई, ती जावई टोचायचा, अगदी हलक्या हाताने. कमरेला पट्टा. आणि उचलायचं काही नाही. मुलगी तर नाहीच.

"किती दिवस?" बहिणीने विचारलं होतं.

"दिवस नाही, वर्षं म्हणा. दोन, कदाचित जास्त."

"तोवर ती मोठी होईल हो."

बाईंनी सुयांची चिठ्ठी जावयाकडे सरकवली.

तिथून बहिणीची शर्यत सुरू झाली. एकीकडे तिची हाडं, दुसरीकडे चेंडूचं वजन. जी बाई दुधाच्या वासाने नाक मुरडायची ती दोन्ही वेळा पेलाभर दूध डोळे मिटून प्यायची. डेपोतून तडकलेली अंडी मी आणायचो, ती उकडून खायची आणि म्हणायची, "आयुष्यभर नापास केली, आता सूड घेतायत." डोळ्यांवर हात धरून गच्चीत उन्हात बसायची. आधी भिंत धरून चालली, मग न धरता, मग जिना. बाईंनी सांगितलेले व्यायाम असे करायची की पट्ट्याखालची कातडी सोलून निघाली. मी शपथेवर सांगतो, कुस्तीगीर बघितलेत मी, असा जीव कोणात बघितला नाही.

महिन्याला मी चेंडूला डेपोत न्यायचो आणि ट्रे तोलायच्या काट्यावर रिकाम्या खोक्यात बसवायचो. बायका गोळा व्हायच्या. "काय भाव लावलाय?" "अगं, हिला भोकावर धरून बघा, आत काय आहे ते!" घरी आलो की बहीण आधी वजन विचारायची. मी थोडं कमी सांगायचो. एकदा म्हणाली, "दादा, गेल्या वेळी पण एवढंच होतं. पोर आहे की पाटा?"

"काटा जुना झालाय," मी म्हटलं.

"काटा नाही, तू जुना झालायस. खरं सांग."

खरं सांगितलं. संध्याकाळी ती जिना एकदा जास्त चढली.

सगळ्यात वाईट काय होतं ते सांगतो. मूल दिसलं की हात वर करतं ना, घे म्हणून? चेंडू सगळ्यांपुढे हात वर करायची. माझ्यापुढे, बापापुढे, दारात आलेल्या पोस्टमनपुढेसुद्धा. आईपुढे नाही. आईजवळ यायची, गुडघ्याला गाल टेकवायची आणि उभी राहायची. कोणी शिकवलं नव्हतं. तिचं तिनेच ओळखलं होतं. पहिल्यांदा ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी बहिणीकडे बघितलं. तिला केव्हाच कळलेलं होतं.

चेंडू चालायला लागली, मग धावायला, मग पायरीवरून उड्या मारायला. माझ्या बायकोचा जीव वर. "अगं पडशील! जपून!"

"वहिनी," बहीण खुर्चीतून म्हणाली, "तो शब्द या घरात नको."

"अहो वन्सं, पण डोकं फुटेल तिचं."

"गुडघा फुटेल. फुटू दे. अजून एक उडी मार गं. वरच्या पायरीवरून मार."

चेंडूने वरच्या पायरीवरून मारली. मी दाराची चौकट घट्ट धरून उभा होतो. एवढा गडी मी, पण मला बघवेना. बहीण मात्र डोळे न मिटता बघत होती, काळोख्या खोलीत बघायची तशी. प्रत्येक उडीला ती मोठ्याने मोजायची, आणि चेंडू आणखी जोरात मारायची. पोरगी अर्धी बापाची, अर्धी हिची. कुठली हाडं कुठून आलीत हे अजून कोणालाच माहीत नाही.

दुखण्याचं तिसरं वर्ष सरत आल्यावर ते दांड्याचं मशीन पुन्हा झालं. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. बरंच भरून आलंय म्हणाल्या, मेहनत दिसते म्हणाल्या. मी जावयाच्या पाठीवर अशी थाप मारली की तो खोकला. पट्टा काढला. आता थोडं थोडं उचलायला हरकत नाही, म्हणाल्या, भाजीची पिशवी, पाण्याची कळशी अर्धी भरलेली. पाच किलोच्या आत.

बहिणीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि मुलगी?"

"किती आहे आता?"

बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी खरं सांगितलं. तिप्पट होती.

बाई खुर्चीवरून उठून तिच्या शेजारी येऊन बसल्या. "नाही," म्हणाल्या. "मांडीवर बसवा. कुशीत घ्या. उचलू नका. आता नाही, आणि पुढे ती वाढतच जाणार."

"म्हणजे झालं," बहीण म्हणाली. "बरं." आणि बाईंनाच म्हणाली, "तुम्ही खूप केलंत हो."

गाडीत ती माझ्याशेजारी बसली होती. मी बडबडत राहिलो. म्हटलं, तुझ्यासारखी सुधारणा त्या दवाखान्यात कोणाची झाली नसेल, बाई स्वतः हसल्या, बघितलंस ना? ती म्हणाली, "हो दादा." मग म्हणाली, "आता काट्यावर नको नेऊस तिला."

घरी पोचलो तर चेंडू गल्लीतून रडत आली. गुडघा सोललेला, माती, रक्त, नाक वाहतंय. आईपाशी आली आणि नेहमीसारखी गुडघ्याला गाल टेकवून हुंदके द्यायला लागली. बहीण उभी होती. तिचे हात खाली गेले, पोरीच्या काखेपर्यंत, आणि तिथेच थांबले. मी बघितलं ते. जावईही बघत होता.

"दादा," ती म्हणाली, "तू घे तिला. पण इकडे तोंड करून."

मी चेंडूला खालून उचललं आणि बहिणीच्या समोर धरलं, छातीपाशी, तिच्या कडेच्या उंचीला. बहिणीने तिच्याभोवती दोन्ही हात टाकले. चेंडूने आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि आईच्या मानेत तोंड घातलं. सगळं वजन माझ्या हातांवर होतं. बहिणीच्या हातांवर काही नव्हतं, तरी तिने ते घट्ट गुंफले होते. मी श्वास रोखून उभा राहिलो. वाटलं, आपण जरा हललो तर तिला कळेल की खाली मी आहे.

"जड आहे गं तू," बहीण तिच्या केसांत म्हणाली. "किती जड आहेस."

थोड्या वेळाने चेंडूचं रडं संपलं. बाहेरून पोरींनी हाक मारली. ती वळवळायला लागली. "मामा, सोड. माझा डाव आहे."

मी बहिणीकडे बघितलं.

"सोड तिला," ती म्हणाली.

मी खाली ठेवलं. पोरगी रक्ताळल्या गुडघ्याने दारातून उडी मारून पळाली. बहिणीचे हात तसेच गोल होते, समोर कोणी नव्हतं. मग तिने ते खाली घेतले, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "वहिनीला सांग चहा टाकायला. माझ्यात दूध जास्त."